प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा आणि आपले विद्यार्थी



संस्थेने आम्हाला येथे बोलण्याची संधी दिली, त्याबद्दल प्रथम आभार मानतो. निमंत्रण देताना पदाधिकाऱ्यांनी एक सूचना केली होती. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तुम्ही मंडळी दिवसभर काय करता, ते आमच्या मुलांना समजेल अशा भाषेत सांगा, असे ते म्हणाले. सूचना अगदी योग्य होती. आमच्या घरच्या माणसांनाही हाच प्रश्न पडलेला असतो. मुलगी एम.एस्सी. झाली, पुढे संशोधनाला लागली, म्हणजे नेमके करते काय? बेडूक कापते, की पाली पकडते? आणि त्यावर पोट भरते का? या प्रश्नांना सरळ उत्तरे द्यावीत, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम प्रयोगशाळेचा दिवस कसा जातो ते सांगतो. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सुट्टी अशी नसते, कारण प्राण्यांना रविवार ठाऊक नसतो. टाकीतील माशांचे पाणी बदलावे लागते, पाण्याचे तापमान वहीत लिहावे लागते. रेशीमकिडे असतील तर दिवसातून अनेक वेळा तुतीचा पाला घालावा लागतो. हा किडा चार वेळा कात टाकतो आणि तीन-साडेतीन आठवड्यांत कोष विणायला लागतो. त्या काळात पाला चुकला की सगळे पीक गेले. सातारा-सांगलीकडच्या ज्या शेतकऱ्यांनी तुती लावली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. स्पिरिटच्या बरण्यांतील नमुने तपासावे लागतात, स्पिरिट उडून गेले असेल तर भरावे लागते. शुद्ध अल्कोहोल विकत घ्यायचे तर उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, त्याची कागदपत्रे सांभाळणे हेही कामच. वीज गेली तर डीप फ्रीझरमधील नमुन्यांची काळजी. थोडक्यात, गोठा सांभाळणाऱ्या माणसाची शिस्त आणि तलाठ्याची दप्तरे, या दोन्ही गोष्टी प्रयोगशाळेत एकत्र आलेल्या असतात.

आता या कामाचा गाभा सांगतो. एखादा प्राणी अभ्यासासाठी प्रयोगशाळेत आला, की त्याच्या बरणीत एक चिठ्ठी टाकतात. शाई स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून ती पेन्सिलीने लिहितात. त्या चिठ्ठीवर गाव, तालुका, जिल्हा, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, वेळ आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहिलेले असते. प्राणी कितीही दुर्मीळ असो, चिठ्ठी नसेल तर शास्त्राच्या दृष्टीने त्याची किंमत फार थोडी. आणि चिठ्ठी खोटी असेल तर तो शून्याहूनही वाईट, कारण तो पुढच्या पिढीला चुकीच्या वाटेला लावतो. लाखो रुपयांची यंत्रे आली तरी हा नियम बदललेला नाही. विज्ञानाची सारी इमारत या चार ओळींच्या खऱ्या नोंदीवर उभी आहे.

आणि मित्रहो, खरी नोंद करायला मोठ्या शहरात जन्मावे लागत नाही. जागेवर हजर असावे लागते. याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यातला आहे.

पाटण तालुक्यात कोयना जलाशयाच्या काठी हुंबरळी नावाचे गाव आहे. १९६३ साली पी. डब्ल्यू. सोमण यांनी या गावातील एका भेकाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला कोयनेचे नाव दिले. कोयना धरणाचे काम त्या वेळी पूर्ण होत आले होते. धरणावर देशाचे लक्ष होते; त्याच्या काठावरच्या दोन बोटे लांबीच्या भेकाकडे कोण बघणार? परंतु २००९ साली दिल्ली विद्यापीठातील एस. डी. बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की कोयनेचा हा भेक आणि आंबोलीचा त्याचा भाऊबंद हे इतर भेकांपेक्षा इतके वेगळे आहेत, की त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रजातीच (जीनस) मानली पाहिजे. तिला त्यांनी झँथोफ्रायनी असे नाव दिले. ही जात जगाच्या पाठीवर आपल्या सह्याद्रीतच मिळते, आणि आज ती धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत आहे.

याच हुंबरळीतून २००४ साली आणखी एक प्राणी शास्त्राला ठाऊक झाला. त्या वेळी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत काम करणारे वरद गिरी आणि लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील डेव्हिड गॉवर व मार्क विल्किन्सन या तिघांनी त्याचे वर्णन केले आणि त्याच्या नावात महाराष्ट्राचे नाव घातले. आपल्याकडे या प्राण्याच्या गटाला देवगांडूळ म्हणतात. दिसायला मोठ्या गांडुळासारखा, पण गांडूळ नव्हे आणि सापही नव्हे. तो बेडकाचा नातेवाईक. त्याला पाय नाहीत, डोळे जवळजवळ निरुपयोगी, राहणार ओल्या मातीत. या गटातील काही जातींत आई अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते आणि पिले बाहेर येईपर्यंत त्यांची राखण करते. पावसाळ्यात शेणखताच्या खड्ड्याजवळ किंवा बांधावर तो दिसतो आणि सापाचे पिलू समजून बहुधा ठेचला जातो. एका लहान गावाने एकेचाळीस वर्षांच्या अंतराने दोन प्राणी जगाला दिले. ते प्राणी तेथे हजारो वर्षे होतेच. गावकऱ्यांनी ते पाहिलेही असतील. मात्र नोंद कोणी केली नव्हती.

साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढे गेले की चाळकेवाडीचे पठार लागते. पवनचक्क्या पाहायला आपल्यापैकी अनेक जण तेथे सहलीला गेले असतील. त्या पठारावर दगडांखाली राहणाऱ्या एका लहान पालीचे वर्णन २००८ साली वरद गिरी आणि ॲरन बाउर यांनी केले. तिच्या शास्त्रीय नावात सातारा आहे, 'सताराएन्सिस'. पालीला साताऱ्याचे नाव दिले म्हटल्यावर लोक हसतात. पण जगाच्या शास्त्रीय ग्रंथांत आपल्या जिल्ह्याचे नाव त्या पालीमुळे लिहिले गेले आहे, हे विसरू नये. पुढे २०१४ साली कासच्या परिसरातून दिवसा वावरणारी दुसरी एक लहान पाल नोंदली गेली, तिला गिरी यांचेच नाव देण्यात आले. महाबळेश्वरच्या नावाने जमिनीत राहणारा एक बिनविषारी सापही शास्त्रात आहे.

आता कोणी विचारील, नाव दिल्याने काय होते? बंधूंनो, नाव नसलेल्याची दखल कोणतेही दप्तर घेत नाही. हे आपल्या लोकांना अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या प्राण्याला नाव नाही, तो कोणत्याही यादीत नाही. यादीत नाही म्हणून त्याला कायद्याचे संरक्षण नाही. आणि दगड फोडले, वणवा लागला, रस्ता रुंद झाला, तर काय गेले हे सांगायलाही कोणी नाही. पठारावरील दगड आपल्याला निरुपयोगी वाटतो. त्या पालीचे ते घर आहे. कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या ३९ ठिकाणांपैकी एक म्हणून जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यामागे अनेक वर्षे फुलांच्या आणि प्राण्यांच्या नोंदी करणाऱ्या माणसांचे कष्ट होते.

नाव कसे दिले जाते, तेही थोडक्यात सांगतो. प्राणी वेगळा वाटला, की प्रथम त्याचे लहानसे ऊतक शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवतात. त्यानंतर शरीर फॉर्मेलीनमध्ये पक्के करून सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये घालतात. मग भिंगाखाली खवले मोजायचे, बोटांची लांबी मापायची, जुन्या संग्रहातील नमुन्यांशी ताडून पाहायचे. पुण्याला भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे केंद्र आहे, मुंबईला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा संग्रह आहे. तेथे दिवसचे दिवस बसावे लागते. ऊतकातून डी.एन.ए. काढतात आणि त्याचा हवा तो तुकडा पी.सी.आर. यंत्रात वाढवतात. करोनाच्या साथीत हा शब्द घराघरांत पोचला. नाकातील नमुन्यात विषाणू शोधण्यासाठी जी पद्धत वापरली, तीच येथे पालीचे नाते शोधण्यासाठी वापरतात. एकाचे दोन, दोनाचे चार अशा पटीने तो तुकडा तीस-पस्तीस फेऱ्यांत कोट्यवधी प्रतींचा होतो. त्याचा क्रम वाचून जगभरच्या नोंदींशी जुळवतात. एवढे झाल्यावर निबंध लिहायचा, तो तज्ज्ञांनी तपासायचा, परत पाठवायचा, पुन्हा लिहायचा. पाल सापडली पावसाळ्यात आणि नाव छापले गेले तीन वर्षांनी, असे सहज होते. संशोधनात पहिला गुण कोणता लागतो, असे विद्यार्थी आम्हाला विचारतात. आम्ही सांगतो, दम.

सांगली जिल्ह्याकडे वळू. शिराळ्याची नागपंचमी सर्वांना ठाऊक आहे. तेथे पूर्वी जिवंत नाग पकडून मिरवणूक निघत असे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आणि मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे ती प्रथा थांबली. २०२५ साली केंद्र शासनाने शैक्षणिक कारणासाठी मर्यादित संख्येने नाग पकडण्याची परवानगी दिली, तेव्हा या विषयावर पुन्हा चर्चा झाली. वादात कोणाची बाजू घ्यायला आम्ही आलेलो नाही. प्रयोगशाळेला जे ठाऊक आहे तेवढे सांगतो. दूध हे नागाचे अन्न नाही. त्याचे दात मागे वळलेले असतात आणि ते भक्ष्य धरण्यासाठी असतात. उंदीर, बेडूक, इतर साप हे त्याचे खाद्य. त्याचबरोबर हेही म्हणतो, की नाग कोणत्या बिळात असतो, कोणत्या महिन्यात बाहेर पडतो, याची जी माहिती शिराळ्याच्या जुन्या माणसांजवळ आहे, ती लिहून ठेवण्याजोगी आहे. ती माणसे गेली की ती माहितीही जाईल.

सापाचा विषय आपल्या जिवाचा आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. यातील बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले. उसाला रात्री पाणी द्यायला कोण जातो? अनवाणी भांगलण कोण करतो? हे मृत्यू कोणाच्या घरातले आहेत, ते आपण ओळखतोच. प्रतिसर्पविष तयार होते ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषापासून. ते विष अल्प प्रमाणात घोड्याला टोचतात आणि त्याच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिद्रव्यांपासून औषध करतात. मुंबईची हाफकिन संस्था या कामासाठी प्रसिद्ध आहे. म्हणून घरोघर सांगा, दंश झाला तर जखम कापू नये, चोखू नये, दोरी करकचून आवळू नये. अवयव हलू न देता माणसाला तडक सरकारी दवाखान्यात न्यावे. मांत्रिकाकडे गेलेला एक तास परत मिळत नाही. बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार यांत लोक गल्लत करतात. मण्यारीच्या पाठीच्या मधल्या ओळीतील खवले मोठे व षटकोनी असतात, हे आम्ही बरणीतल्या नमुन्यावर विद्यार्थ्यांना दाखवतो. जिवंत सापाजवळ जाऊन मात्र ते तपासायचे नाही.

आता बेडूक कापण्याविषयी. आमच्या आधीच्या पिढ्या बेडूक, उंदीर, झुरळ कापूनच प्राणिशास्त्र शिकल्या. परीक्षेच्या हंगामात महाविद्यालयांना बेडकांची पोतीच्या पोती पुरवली जात. त्याशिवाय बेडकांचे पाय परदेशी पाठवण्याचा धंदा होता. शेतातला बेडूक किडे खातो, तो गेला की कीड वाढते; अशा कारणांनी १९८७ साली ती निर्यात बंद झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली विच्छेदन कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१४ साली अध्यापनासाठी ते थांबवण्यास सांगितले. आता प्रतिकृती, चित्रफिती आणि जुने जतन केलेले नमुने यांवर शिकवतात. संशोधनासाठी प्राणी वापरायचाच झाला, तर १९९८ च्या नियमांप्रमाणे संस्थेच्या नीतिसमितीपुढे अर्ज करावा लागतो. हा प्रयोग प्राण्यावाचून होणार नाही का? कमीत कमी किती प्राणी लागतील? त्यांना वेदना होऊ नये म्हणून काय करणार? या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून दिल्याशिवाय एक उंदीरही मिळत नाही. काही जणांना हा जाच वाटतो. आम्हाला तो योग्य वाटतो. जो जीव बोलू शकत नाही त्याच्या वतीने कोणीतरी प्रश्न विचारलाच पाहिजे.

अखेर पोटाचा प्रश्न. पालकांना खोटी आशा दाखवणे आम्हाला मान्य नाही. प्राणिशास्त्राची पदवी घेतली की नोकरी दारात उभी राहते, असे नाही. प्राध्यापकांच्या जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ. पण वाटा अनेक आहेत. वन विभाग, मत्स्यव्यवसाय, रेशीम, रोगनिदान प्रयोगशाळा, औषध कंपन्या, शाळा, प्राणी सर्वेक्षण विभाग या सर्व ठिकाणी या शिक्षणाचा उपयोग होतो. संशोधनाला जायचे तर जीवशास्त्राची 'नेट' परीक्षा देऊन कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळवता येते. १ जानेवारी २०२३ पासून पहिल्या दोन वर्षांसाठी तिचा दर दरमहा ३७,००० रुपये ठरला. अनुसूचित जातींच्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, पुण्याच्या 'बार्टी' संस्थेची अधिछात्रवृत्ती आहे. जाहिरात, अटी आणि शेवटची तारीख यांवर मात्र स्वतः लक्ष ठेवावे लागते. जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले आधीच काढून ठेवावेत. संस्थेने एक फलक यासाठी राखून ठेवावा, अशी आमची नम्र विनंती आहे.

शिक्षणाची सोयही आता लांब नाही. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ सुरू झाले, तेव्हापासून दोन्ही जिल्ह्यांना विद्यापीठ जवळ आले. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासून चालू आहे. साताऱ्यात २०२१ साली कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्थापन झाले. ज्या मातीत 'कमवा आणि शिका' ही योजना रुजली, तेथे गरिबी हे शिक्षण सोडण्याचे कारण होऊ नये.

आणखी एक भीती असते, इंग्रजीची. निबंध इंग्रजीत, प्राण्यांची नावे लॅटिनमध्ये. खेड्यातली मुले पहिल्या वर्षी मागच्या बाकावर बसतात ती यामुळेच. त्यांना आम्ही सांगतो, येथे कोणाच्याच घरी लॅटिन बोलत नाहीत; शहरातल्या मुलालाही ते पाठच करावे लागते. उलट ओढ्यात कोणता मासा कधी चढतो, घोरपड कोठे लपते, टिटवी अंडी कोठे घालते, हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे. इंग्रजी दोन वर्षांत येते. हे ज्ञान मात्र शहरातल्या मुलाला दोन वर्षांत येत नाही.

मग आज काय करता येईल? प्राणी पकडून बरणीत भरायला आम्ही सांगत नाही. रानातला प्राणी विनापरवाना पकडणे हा गुन्हा ठरू शकतो. एक वही करा. दिसलेला प्राणी, गाव, तारीख, वेळ, तो काय करत होता, एवढे लिहा. मोबाईलवर छायाचित्र काढा. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे गावपातळीवर जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असावी लागते. डॉ. माधव गाडगीळ यांनी या नोंदवह्यांसाठी मोठा आग्रह धरला होता. आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन ती पाहायला मागा. ती कोरी असेल तर भरायला मदत करा, नुसती नक्कल करून भरलेली असेल तर ती खरी करा.

माता-भगिनींनो, पठारावर शास्त्रज्ञ येतो तेव्हा वाट दाखवणारा, ओझे उचलणारा, नेमका दगड उलटून दाखवणारा गावातलाच कोणी असतो. त्याचे नाव चिठ्ठीवर क्वचितच येते. पुढच्या पिढीत दगड उलटणारा हात आणि चिठ्ठी लिहिणारा हात एकाच माणसाचा असावा, आणि तो माणूस आपल्या वस्तीतला मुलगा किंवा मुलगी असावी, एवढीच आमची इच्छा आहे. त्यासाठी प्रयोगशाळेचे दार पाहायला आपण मुलांना घेऊन जरूर यावे. आम्ही प्रत्येक बरणी उघडून दाखवू, आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मराठीत देऊ.